पाठीवर उमटलेला काठ

नेरूळच्या एका सेक्टरमध्ये, तीन मजली इमारतीच्या खालच्या दोन मजल्यांवर आमचं शुश्रूषागृह होतं. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी तिथे बायकांच्या वॉर्डची सिस्टर होते. अंथरुणाला खिळलेली, घरी ज्यांचं करणं जमत नाही अशी म्हातारी माणसं तिथे वर्षानुवर्षं राहत. बरं होऊन घरी जाणारं क्वचितच कुणी. त्यामुळे आमचं काम बरं करण्याचं नव्हतंच. आहे त्याहून वाईट होऊ द्यायचं नाही, एवढंच होतं. आणि त्यात सगळ्यात मोठं काम म्हणजे पाठ सांभाळणं.

पडून राहिलेल्या माणसाचं वजन जिथे हाडावर येतं, म्हणजे माकडहाड, खुबे, टाचा, तिथल्या कातडीला रक्त पोचत नाही. आधी नुसता लाल डाग दिसतो. मग कातडी सुटते, मग जखम, आणि ती आत आत जाते. आमच्या पुस्तकात त्याला शय्याव्रण म्हणत. वॉर्डात सगळे बेडसोअर म्हणायचे. मी तिथे लागले त्याच वर्षी पुरुषांच्या वॉर्डात एक आजोबा घरूनच जखम घेऊन आले होते. मुलांनी सेवा केली नव्हती असं नाही. गादीवर गादी घातली होती, रोज अंग पुसलं होतं. फक्त कूस बदलायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही पट्टी सोडली तेव्हा आत हाड दिसलं. त्यांचा मोठा मुलगा दारात उभा होता, तो भिंतीला धरून खाली बसला. आजोबा त्यातून वाचले नाहीत.

तेव्हापासून मी या बाबतीत कडक झाले. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती नको, अंगाखाली ओल नको, टाचा उशीवर उचललेल्या हव्यात. नव्या आयांना मी सांगायची, “चादरीखाली शेंगदाण्याचं टरफल सापडलं तरी मी ऐकून घेणार नाही.” माझ्या पाठीमागे आया मला टरफलबाई म्हणतात, हे मला ठाऊक होतं. मला त्याचा अभिमानच वाटायचा.

अशा त्या वॉर्डात एके दिवशी काकू आल्या.

काकूंच्या मुलाला मी दादा म्हणते. तो वाशीला बँकेत होता. फोनवर म्हणाला, “आईची डावी बाजू गेली. दवाखान्यातून सोडलंय, पण घरी आम्ही दोघंही नोकरीवर. तू तिथे आहेस म्हणूनच आणतोय. नाहीतर मला धीर झाला नसता.” मी म्हटलं, “दादा, माझ्यावर सोड.” रिसीव्हर ठेवल्यावर मला रडू आलं. दुःख होतंच, पण सगळं दुःखाचं नव्हतं. काकूंसाठी काहीतरी करायची संधी आपल्याला मिळाली, असंही मनात आलं होतं. आजही ते आठवलं की मला कसंसंच होतं.

आमचं गाव विट्याच्या पलीकडे. शाळा सातवीपर्यंत. आई विट्याच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसायची आणि ऊन चढलं की काकूंच्या ओट्यावर टेकायची. काकू तिला पाणी द्यायच्या, चहा द्यायच्या. एकदा आईने सांगितलं, पोरगी सातवीत पहिली आली, पण आता घरीच बसवणार. काकू म्हणाल्या, “हुशार म्हणतेस आणि घरी बसवतेस? माझ्याकडे ठेव. दोन भाकऱ्या जास्त थापायला मला काही होत नाही.” दोन खोल्यांचं भाड्याचं घर. काका मार्केट कमिटीत कारकून. त्या घरात राहून मी दहावी झाले. मी कुणाची, कुठली, हे काकूंनी पाण्याच्या हंड्यापाशी कधी आडवं येऊ दिलं नाही. पुढे नर्सिंगला मुंबईला जायचं ठरलं तेव्हा माझे वडील अडून बसले. “नर्स म्हणजे परक्या बाप्यांची अंगं पुसायची.” काकूंनी त्यांना बोलावून घेतलं. म्हणाल्या, “तुम्ही आजारी पडलात तर कोण पुसणार? त्या पोरीला जाऊ द्या.” अशी मी आमच्या घरातली पहिली शिकून नोकरी करणारी झाले.

त्या काकू स्ट्रेचरवरून आल्या. डावा हात पोटावर ठेवलेला, तोंड जरा एका बाजूला गेलेलं, बोलणं सावकाश पण स्पष्ट. अंगावर बारीक काठाचं जांभळं नऊवारी लुगडं. आयाने नेहमीप्रमाणे गाउन आणला. मागे नाड्यांनी बांधायचा, पुढून सगळा झाकलेला आणि पाठीवर उघडणारा. आमच्याकडच्या सगळ्या बायकांना तोच असायचा.

काकूंनी तो उजव्या हाताने चाचपून पाहिला. “हे काय?”

“गाउन आहे, आजी,” आया म्हणाली.

“मागून बांधतात ना? मग झबलं म्हण. मी काय पाळण्यातली आहे?” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पोरी, मला लुगडं नेसव.”

“काकू, तुमचं लुगडं तसंच राहील,” मी म्हटलं. “मी आहे ना.”

शेजारच्या कॉटवर खिडकीशी एक उरणकडच्या बाई होत्या. जन्मभर मिठागरात राबलेल्या, दोन्ही पायांतली ताकद गेलेली. जिभेतली मात्र तशीच होती. त्या हसून म्हणाल्या, “ओ लुगडंवाली, घाल गो झबला. मी पन जलमभर लुगडाच नेसला. आता बग, पाठीला वारा लागते. मना बरा वाटते.”

“तुम्हाला बरं वाटत असेल हो बाई,” काकू म्हणाल्या. “मला वारा नको.”

निजलेल्या माणसाला नऊवारी नेसवणं म्हणजे काय, ते नेसवल्याशिवाय कळायचं नाही. आधी एका कुशीवर वळवायचं, कापड अंगाखाली सारायचं, मग दुसऱ्या कुशीवर. मग कंबर उचलायची, निऱ्या पायांमधून मागे न्यायच्या आणि पाठीशी खोचून कासोटा घालायचा. दोघीजणी लागतात. लघवी झाली की सगळं पुन्हा, कारण कासोटा आधी भिजतो. आया कुरकुरायची, “सिस्टर, एवढ्या वेळात बाकीच्यांचं सगळं आवरून होतं.” म्हणून सकाळचं नेसवणं मी माझ्याकडे घेतलं. मी नीट नेसवायची. ढिलं चालायचं नाही काकूंना. “घट्ट खोच. सुटलं की मला उघडं पडल्यासारखं होतं.” मी घट्ट खोचायची. माझा हात पाठीशी गेला की त्या डोळे मिटून घ्यायच्या, समाधानाने.

खाडीवरून येणारी हवा दमट. पंखा असला तरी अंग चिकट. समोरच्या सोसायटीच्या गॅलऱ्यांत ओळीने गाउन वाळत असायचे. काकूंचं तोंड खिडकीकडे असलं की त्या मला विचारायच्या, “इथे बायका दिवसभर हेच घालून फिरतात? भाजी घ्यायला पण?” मी म्हणायची, “हो काकू, वरून ओढणी घेतात.” त्यावर त्या ‘हं’ एवढाच आवाज काढायच्या.

या ‘हं’मागे काय होतं, ते वहिनीने मला सांगितलं. वहिनी म्हणजे दादाची बायको. लग्न होऊन ती फ्लॅटमध्ये आली तेव्हा इतरांसारखा तिनेही घरात गाउन घालायला सुरुवात केली. काकू येऊन राहायला लागल्या आणि ते बंद झालं. भांडण झालं नाही. काकू नुसत्या तिच्याकडे बघायच्या नाहीत. ती गाउनमध्ये असली की भिंतीकडे बघून बोलायच्या. शेवटी कंटाळून तिने सगळे गाउन माळ्यावर टाकले. “ऑफिसातून येऊन स्वयंपाक करायचा तो पण साडीत,” ती म्हणाली. “जाऊ दे. आता काय बोलायचं.”

महिना-दीड महिना गेला असेल. एका सकाळी अंग पुसताना काकूंना कुशीवर वळवलं, तर माकडहाडावर लाल पट्टा दिसला. डाग नव्हता, पट्टाच होता. बोटभर रुंद, आडवा. आणि त्यावर लुगड्याच्या काठाची नक्षी उमटलेली. बारीक रुद्राक्षांची ओळ, अगदी मोजून घ्यावी अशी स्वच्छ. मी बोटाने दाबलं. लाल जागा दाबली की क्षणभर पांढरी व्हायला हवी, मग पुन्हा लाल. ती झाली नाही. तशीच लाल राहिली.

मी पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा तेच.

चादरीखालच्या टरफलावरून आयांना रागवणारी मी. आणि काकूंच्या पाठीखाली, नेमक्या त्या हाडावर, कापडाच्या चार-पाच घड्या रोज सकाळी माझ्याच हाताने खोचत होते. घट्ट. त्यांनी सांगितलं तशा. ते दिसत नव्हतं असंही नाही. मी लुगडं बघत होते, घडी बघत नव्हते.

“काय झालं?” काकूंनी विचारलं.

“थोडं लाल झालंय, काकू.”

“मग लाव तुझी पावडर.”

त्या काळी आम्ही स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायचो. लाल झालेली जागा चोळू नये, हे पुढे कळलं. काकूंच्या बाबतीत ते नशिबाने टळलं, कारण त्या मला चोळूच देत नसत. “बास. पाठ आहे ती, कणीक नाही,” म्हणायच्या.

त्या दिवशी मी कासोटा न घालता लुगडं नुसतं गुंडाळून पाहिलं. काकू म्हणाल्या, “हे गोल नेसणं मला लग्नाआधीसुद्धा ठाऊक नव्हतं. सोड आणि नीट नेसव.” दुसऱ्या दिवशी मी लुगडं उलगडून अंगावर पांघरलं, पदर खांद्यावर आणून दिला. वाटलं, दिसायला तसंच दिसेल. त्यांनी उजव्या हाताने कमरेशी चाचपलं आणि म्हणाल्या, “पोरी, मला फसवतेस? पांघरणं वेगळं, नेसणं वेगळं.” मग मी कासोटा बाजूला, खुब्याशी खोचायचा प्रयत्न केला. तो खुब्याच्या हाडावर आला. तिथेही लाल दिसायला लागलं. काकूंना साखरेचा आजार होता. कातडी एकदा फुटली की भरून यायची नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

रविवारी दादा-वहिनी आले. मी त्यांना बाहेर पॅसेजमध्ये नेऊन सांगितलं.

दादा म्हणाला, “मग घाल ना गाउन. तुला वाटेल ते कर. आम्ही कधी काही म्हटलंय?”

“काकूंना विचारायला हवं, दादा.”

“तू विचार. तुझं ऐकते ती.”

वहिनी पर्समधली किल्ली उगाच बाहेर काढून परत आत ठेवत होती. म्हणाली, “माझ्याकडे दोन आहेत. कॉटनचे. पण मी आणले तर त्या म्हणतील, सूड उगवतेय.”

“म्हणू दे ना,” दादा म्हणाला.

“तुम्हाला काय जातंय म्हणू दे म्हणायला? भिंतीकडे बघून तुमच्याशी नाही बोलत त्या.”

शेवटी मीच काकूंजवळ बसले. सगळं सरळ सांगितलं. लाल पट्ट्याचं, साखरेचं, कातडी फुटली तर काय होतं त्याचं. त्या आजोबांचंही सांगितलं. हाड दिसलं, ते सुद्धा. मला वाटलं त्या घाबरतील. घाबरवायलाच सांगत होते मी.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं. “होऊ दे जखम,” त्या म्हणाल्या. “माझी पाठ आहे.”

“काकू, असं नका म्हणू.”

“का? तुला परकर-पोलक्यातून साडीत मी आणली. आता तू मला झबल्यात घाल. हेच शिकायला पाठवली होती का तुला मुंबईला?”

खिडकीशेजारच्या बाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “शिस्टर, तिला राहू दे गो. मरल लुगड्यान. बायको मानूस लुगड्यान मेली तर काय वायट हाय?” आणि हसल्या. काकूही हसल्या, तोंडाच्या चांगल्या बाजूने. त्या दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. मला हसू आलं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस मी काय विचार केला, तो नीट सांगता येणार नाही. काकूंना काही झालं तर, हे होतंच. पण माझ्या वॉर्डात, माझ्या हाताखाली बेडसोअर झाला तर, हेही होतं. दादा म्हणेल, तुझ्या भरवशावर ठेवली होती. डॉक्टर म्हणतील, सिस्टर, तुम्ही? यातलं काकूंसाठी किती होतं आणि माझ्यासाठी किती, ते मी तेव्हाही वेगळं केलं नाही. आज करायला बसले तर येत नाही.

पट्ट्याच्या मध्यावर कातडी जांभळी दिसू लागली, त्या सकाळी मी ठरवलं. अंग पुसून झालं. दार लावलं, पडदा ओढला. आयाला बाहेर थांबवलं. काकू चादरीखाली होत्या. मी कपाटातून लुगडं काढलं नाही. गाउन काढला. वहिनीचा नव्हता, आमचाच होता, निळ्या रेघांचा.

“लुगडं?” काकूंनी विचारलं.

“आज नाही, काकू.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी नको म्हटलं असतं, हात झटकला असता, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. त्यांनी तसं काही केलं नाही. जो हात हलत होता, तो त्यांनी स्वतःच वर केला, बाहीत घालायला सोपं जावं म्हणून. मी बाही चढवली. दुसरा हात मी उचलून घातला. कुशीवर वळवून मागच्या नाड्या बांधल्या, सैल, गाठ हाडावर येणार नाही अशा. पायांमध्ये उशी दिली. हाताने चादर साफ केली.

“झालं का, सिस्टर?” काकूंनी विचारलं.

मला आधी वाटलं, दारातून आणखी कुणी मला हाक मारली.

त्या दिवसापासून काकू मला सिस्टर म्हणू लागल्या. “सिस्टर, पाणी देता का?” “सिस्टर, तुमची ड्युटी संपली वाटतं.” राग नाही, टोमणा नाही. बँकेत किंवा रेशनच्या दुकानात परक्या माणसाशी बोलावं तसं नीट, अदबीने. तीन वर्षं ज्यांनी मला घासणीने पाठ घासून आंघोळ घातली, उवा काढल्या, कानशिलात दिली, त्या मला तुम्ही म्हणत होत्या. एकदा मी म्हटलं, “काकू, मला तुम्ही कशाला म्हणता?” त्या म्हणाल्या, “तुम्ही इथल्या अधिकारी आहात.”

पाठ मात्र सुधारली. जांभळेपणा उतरला, लाल पट्टा फिका होत गेला, आणि एक दिवस बोटाने दाबल्यावर जागा पांढरी झाली आणि पुन्हा लाल झाली. कातडी फुटली नाही. हे होणार हे मला माहीत होतं, तरी मी ती जागा पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. पुढे त्या जागेवर काही उमटलं नाही.

रविवारी दादा-वहिनी यायच्या आधी काकू सांगायच्या, “सिस्टर, चादर वर घ्या.” मी छातीपर्यंत घ्यायची. “अजून वर.” हनुवटीपर्यंत. घामाने मान भिजायची, तरी ती चादर खाली येऊ द्यायच्या नाहीत. मी पंखा त्यांच्याकडे वळवायची. दादाला काही कळायचं नाही. तो विचारायचा, “आई, थंडी वाजते का?” वहिनीला पहिल्याच रविवारी चादरीच्या कडेशी निळ्या रेघांची बाही दिसली. ती खिडकीबाहेर बघायला लागली. जाताना जिन्यात तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “इतकी वर्षं मला घरात घालू दिला नाही त्यांनी. मला वाटायचं, कधीतरी यांना पण कळू दे. आणि आज मला ते बघवेना.” दादा खाली स्कूटर काढत होता. तिने डोळे पुसले. “त्यांना सांगू नका हं,” म्हणाली. कोणाला, ते मी विचारलं नाही.

काही महिन्यांनी देणगी देणारे पाहुणे आले. चार-पाच जण, त्यात दोन बायका. आमचे डॉक्टर त्यांना वॉर्डातून फिरवत होते. डॉक्टर चांगले होते. आमचं कौतुक चारचौघांत करायचे. नवा वॉटर बेड घ्यायचा होता आणि पैसे या लोकांकडून यायचे होते. काकूंच्या कॉटपाशी ते थांबले. काकू उजव्या कुशीवर होत्या, तोंड खिडकीकडे, पाठ आमच्याकडे.

“पॅरालिसिस, डायबेटिस, इतके महिने अंथरुणात,” डॉक्टर म्हणाले. “अशा पेशंटला दुसरीकडे आतापर्यंत बेडसोअर झाला असता. सिस्टर, पाठ दाखवा.”

माझा हात सवयीने नाडीवर गेला. गाठ सैल होती, मीच तशी बांधायची. वरची गाठ सुटली. त्या गाउनचं तेच तर सोयीचं होतं. मला काकूंचा चेहरा दिसत नव्हता. कान दिसत होता आणि गालाचा थोडा भाग. तो गाल ताठ झाला. मी गाठ परत बांधली.

“डॉक्टर, आत्ताच औषध लावलंय,” मी म्हटलं. “उघडं नको ठेवायला.”

असलं काही औषध नव्हतं. डॉक्टरांना ते कळलं असावं. “बरं, मग या पेशंट बघू,” म्हणत ते पुढे खिडकीशी गेले. उरणकडच्या बाई काकूंच्याही आधीपासून होत्या. मी त्यांना कुशीवर वळवलं, नाड्या सोडल्या, गाउन दोन्ही बाजूंना सारला. सगळी पाठ, कमरेखालपर्यंत. पाहुण्यांतली एक बाई पुढे वाकून म्हणाली, “किती छान कातडी आहे हो. लहान मुलासारखी.” दुसरा कुणी म्हणाला, “कमाल आहे सिस्टरची.” मला बरं वाटलं. डॉक्टरांनी खांद्यांच्या हाडांवर, माकडहाडावर बोट ठेवून कुठे कुठे जखम होऊ शकते ते समजावलं. बराच वेळ समजावलं. उरणकडच्या बाई एरवी दर वाक्याला काही बोलायच्या. त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड करून एक शब्द काढला नाही.

पाहुणे गेले. मी नाड्या बांधून वळले, तर समोर काकूंचे डोळे उघडे होते. त्या कुशीवर होत्या, तोंड इकडेच. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

मी त्यांची चादर नीट करायला गेले. मला वाटलं होतं, आता त्या काहीतरी चांगलं बोलतील. एवढं तरी.

“माझं झाकलंस,” काकू म्हणाल्या. “तिचं का नाही झाकलंस गं?”

इतक्या महिन्यांनी त्यांच्या तोंडून ‘गं’ आलं, आणि ते असं आलं.

उरणकडच्या बाईंना वॉर्डात आणलं त्या दिवशी त्यांच्या अंगावर काय होतं, ते मला आठवत नव्हतं. लुगडंच असणार. ते कुणी सोडलं, त्यांना कुणी विचारलं का, त्या काय म्हणाल्या, यातलं काहीच मला आठवत नव्हतं. आयाने नेहमीप्रमाणे गाउन आणला असेल आणि नेहमीप्रमाणे घातला असेल. मी बहुधा चादरीच्या सुरकुत्या बघत असेन.

मी खिडकीशी बाईंच्या कॉटपाशी गेले. त्या अजून भिंतीकडेच तोंड करून होत्या.

“रागावलात का?” मी विचारलं.

“कशाला रागावू? झाला का बगून सगल्यांचा?”

“चुकलं माझं.”

“पाठ बरी हाय ना माजी? मंग झाला.”

मी विचारलं, “तुमचं लुगडं कुठे आहे?”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. “मना काय म्हाईत? आनला त्या दिवशी काडून नेला तुमी. हिरवा होता.”

“मी शोधते.”

“शोद, शोद,” त्या म्हणाल्या. “पन नेसवू नको. उशाला ठेव.”

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरचं कपाट उपसलं. माणसं गेल्यावर नातेवाइकांनी न नेलेले कपडे तिथे गाठोड्यांत होते. धोतरं, स्वेटर, एक शालू, परकर, लुगडी. हिरवी दोनच निघाली. एकावर कुणाचं तरी नाव शिवलेलं होतं. दुसरं मी नेऊन दाखवलं. त्यांनी काठ बोटांत धरून पाहिला आणि मान हलवली. धोब्याकडे विचारलं, जुन्या आयांना विचारलं. कुणाला काही आठवेना.

आठवडाभराने मी त्यांना सांगितलं, सापडत नाही.

काकू पलीकडून ऐकत होत्या. उरणकडच्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. समोरच्या गॅलरीत कुणी बाई कपडे झटकून वाळत घालत होती.

“नाय ना सापडत?” त्या म्हणाल्या. “मंग कूस तरी बदल, शिस्टर. कवाची या कुशीवर हाय मी.”